विकलेला कप्तान

माणसाचें मोल पौंडांत ठरावें आणि त्यापायीं हजारों कोसांवरच्या एका मुलानें भरल्या ताटावरून उठावें, हा प्रकार विलक्षण खरा. पण २०१२ च्या ऑगस्टांत तो आमच्याच घरीं घडला.

आमचा पुतण्या तेव्हां बारा वर्षांचा होता. लंडनचा आर्सेनल क्लब हें त्याचें देऊळ, आणि क्लबाचा डच कप्तान रॉबिन व्हॅन पर्सी ही त्यांतली मूर्ति. २००४ सालीं आर्सेनलनें त्याला हॉलंडांतून आणलें, वारंवार जायबंदी होणाऱ्या त्या पायांची वर्षानुवर्षें वाट पाहिली, आणि २०११-१२ च्या हंगामांत त्या पायांनीं साखळी सामन्यांत ३० गोल करून सारें ऋण फेडलें. त्याच्या नांवाचा, दहाच्या आंकड्याचा तांबडा सदरा आम्हींच पुतण्याला वाढदिवसाला घेऊन दिला होता. तो कप्तान आतां क्लबानें सुमारें २ कोटी ४० लाख पौंडांस विकला होता. आणि कोणास, तर मँचेस्टर युनायटेडला! १९९८ पासून २००४ पर्यंत इंग्लंडचें अजिंक्यपद या दोन क्लबांखेरीज तिसऱ्याला मिळालें नव्हतें, एवढें सांगितलें म्हणजे वैराची कल्पना येईल.

"काका, त्यांनाच कां दिला?" पुतण्यानें विचारलें.

वडीलकीच्या नात्यानें आम्हीं हिशेब मांडला. कराराचें एकच वर्ष उरलें होतें. नवा करार करणार नाहीं, असें व्हॅन पर्सीनें ४ जुलै रोजीं जाहीर केलें होतें. १९९५ सालच्या बॉस्मन खटल्याच्या निकालापासून युरोपांत मुदत संपलेला खेळाडू फुकट निघून जाऊं शकतो. शिवाय वय एकोणतीस. "आंबा उतरूं लागला कीं येईल त्या गिऱ्हाइकाला देऊन टाकावा," असा समारोपहि आम्ही करून चुकलों.

"तो आंबा नाहीं, कप्तान आहे!" एवढेंच बोलून तो उठला.

त्या रात्रीं आम्हांस आमच्या आजोबांची आठवण झाली. १९१३ सालीं बालगंधर्व किर्लोस्कर मंडळी सोडून गेले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, ही हकीकत सांगतांना म्हातारपणींहि त्यांचा स्वर कातर होई. पण तेथें कोणी कोणास विकलें नव्हतें. जाणाऱ्यावरचा राग काळानें निवळतो. आपल्याच माणसांनीं मोल घेऊन दिलें, ही सल निवळत नाहीं.

आमचा हिशेबहि फार दिवस टिकला नाहीं. व्हॅन पर्सीनें त्या हंगामांत युनायटेडसाठीं साखळी सामन्यांत २६ गोल केले. २२ एप्रिल २०१३ रोजीं एकाच सामन्यांत त्यानें तीन गोल करून अजिंक्यपद मिळवून दिलें. आर्सेनल चौथ्या क्रमांकावर राहिला. सहाच दिवसांनीं युनायटेड आर्सेनलच्या मैदानावर आला. विजेत्यांच्या स्वागताला यजमान खेळाडूंनीं दुतर्फा उभें राहून टाळ्या वाजवाव्या, असा तिकडे शिरस्ता आहे. आर्सेनलच्या खेळाडूंनीं तो पाळला. प्रेक्षकांनीं मात्र जुन्या कप्तानाची हुर्यो केली. त्यानें पेनल्टीवर गोल केला आणि सामना १-१ असा बरोबरींत सुटला. पुतण्या शेवटपर्यंत बसून होता. अंगांत तो सदरा नव्हता.

त्याच उन्हाळ्यांत नियतीनें पारडें फिरवून पाहिलें. आर्सेनलनें लिव्हरपूलच्या लाडक्या लुई सुआरेझला ४ कोटी पौंड आणि वर एक पौंड देऊं केला. पुतण्याला हर्ष झाला. आम्हीं विचारलें, "आणि लिव्हरपूलला तुझ्याएवढा कोणी मुलगा असेल, त्याचें काय?" तो गप्प झाला. लिव्हरपूलनें साफ नकार दिला. सुआरेझनें राहून पुढच्या हंगामांत ३१ गोल केले; अजिंक्यपद दोन गुणांनीं हुकलें. मग २०१४ सालीं तो त्याहून अधिक किंमतीला समुद्रापलीकडे, बार्सिलोनाला गेला. लिव्हरपूलला हें जमलें, कारण कराराचीं वर्षें हातीं होतीं.

आमचें मत म्हणून विचाराल तर तें एवढेंच: मुदत हातीं असतां लोकप्रिय खेळाडू प्रतिस्पर्ध्याला देऊं नये, आणि ज्या क्लबानें ती मुदत शेवटच्या वर्षापर्यंत जाऊं दिली, त्यानें तो विक्रीच्या आधींच गमावलेला असतो. कागदावर सही होते ती मागाहून.

पुतण्या आतां नोकरीस लागला आहे. आर्सेनलला दुसरा मार्ग उरला नव्हता, हें तो आतां आपण होऊन सांगतो. परवां कपाट आवरतांना तो तांबडा सदरा निघाला. दारांत बोहारीण बसली होती. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यावर तिनें एक पातेलें देऊं केलें. पुतण्यानें गाठोड्यांतून सदरा तेवढा ओढून घेतला आणि घडी करून पुन्हां कपाटांत ठेवला. पातेल्याचा सौदा अर्थातच फिसकटला, आणि या वेळीं आम्हीं कोणताहि हिशेब मांडला नाहीं.