तांबे आणि चिंच

फ्रीगंजला कागदोपत्री माधवनगर म्हणतात. आमच्या घरात मात्र ते नाव कोणी कधी घेतले नाही. टॉवर चौकापासून हाकेच्या अंतरावर आमचे जुने घर. त्याच्या मागल्या अंगणात, १९९१च्या उन्हाळ्यात, मी पहिला पीसीबी स्वहस्ते केला. पाण्याची टाकी भरली की घंटा वाजावी, एवढीच महत्त्वाकांक्षा होती.

पॉल आयस्लर या मूळच्या व्हिएन्नाच्या अभियंत्याने १९३६च्या सुमारास लंडनमध्ये ही कल्पना रेडिओसाठी वापरून दाखवली. तारा जोडत बसण्याऐवजी फळीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा आणि नको तेवढे तांबे विरघळवून टाकायचे. उरते तीच तार. हा पत्रा साधारणपणे ३५ मायक्रॉनांचा, केसाहूनही बारीक. जे राखायचे त्यावर लेप द्यायचा आणि फळी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवायची. भैरवगढचे छपाईवाले कापडावर मेण घालून रंगाला अडवतात, त्याच कुळीची ही विद्या. त्यामुळे ती मला परकी वाटली नाही.

ब्रशने रेघा ओढण्याइतका माझा हात स्थिर नव्हता. मग इस्त्रीची युक्ती कळली. झेरॉक्सची काळी भुकटी मुळात प्लास्टिकची; गरम इस्त्रीखाली ती वितळते आणि तांब्याला धरते. नंतर कागद पाण्यात भिजवून बोटाने चोळून काढायचा. माझी भुकटी काही केल्या धरेना. आजी ओसरीवरून पाहत होती. ती म्हणाली, "अरे, तेलकट बोटांनी तांबे उजळते का कधी? चिंच घे." देवाची भांडी घासायची चिंच तिने पुढे केली. फळी लखलखली, आणि नक्षी पहिल्याच दाबाला उतरली.

उतरली ती उलटी! मासिकातली आकृती मी तशीच झेरॉक्स केली होती. आरशातली प्रतिमा करून घ्यायला हवी, हे ध्यानातच आले नाही. ५५५ या आठ पायांच्या चिपचा पहिला पाय आठव्याच्या जागी गेला, विजेचे धन-ऋण फिरले आणि चिप जळाली. असो, दुसऱ्या खेपेस घंटा वाजली.

त्या संध्याकाळी आजीने विचारले, "मधले तांबे गेले कुठे?"

"विरघळले. त्या पाण्यात."

"आणि ते पाणी?"

पाणी मी तासाभरापूर्वीच मोरीत ओतले होते. आपल्या मोऱ्यांचे पाणी शेवटी कुठे जाते, हे उज्जैनकराला सांगावे लागत नाही. विरघळलेले तांबे माशांना विष असते, हे मी पुस्तकात वाचले होते. आजीने वाचले नव्हते. ती कार्तिकात क्षिप्रेवर स्नानाला जाणारी बाई. ती रागावली नाही. देवघरातला तांब्या उचलून आत गेली, इतकेच. मला मात्र त्या रात्री जेवण गेले नाही. मोरीच्या फरशीवर पडलेला पिवळा-तपकिरी डाग पुढे घर विकेपर्यंत निघाला नाही.

आता असे बोर्ड परदेशातून स्वस्तात घरपोच येतात. तरीही वर्षातून एखादा मी घरी करतोच, पुतण्या हसतो. वापरलेल्या द्रावणात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालतो. फेस येतो, मग तळाशी गढूळ गाळ बसतो. तो गाळून, वाळवून प्लास्टिकच्या बरणीत भरतो. बरणी माळ्यावर आहे. ती न्यायला दारावर कोणी येत नाही, आणि मोरीत रिकामी करायला माझा हात धजत नाही.