आनंद-मिलिंदचा आवाज चालतो, मग आमची मिरवणूक का चालत नाही?



एप्रिल जवळ आला की आमच्या हिंगोली जिल्ह्यात वस्ती-वस्तीत जयंती मंडळाच्या बैठका सुरू होतात आणि दरवर्षी वाद एकच. डीजे लावायचा की व्याख्यान ठेवायचे? शिकलेली मंडळी म्हणतात, बाबासाहेबांनी वाचायला सांगितले, नाचायला नाही. पोरं म्हणतात, वर्षभर मान खाली घालून हळदीच्या कढईवर राबतो, एक दिवस तरी नाचू द्या. आम्ही समाजशास्त्र शिकलेलो, कळमनुरी-सेनगावकडच्या वस्त्यांमध्ये काम करणारे. त्यामुळे आम्ही व्याख्यानाच्या बाजूने बोलणार असे सगळे गृहीत धरतात. पण हा वाद सोडवायचा असेल तर आधी दोन भावांकडे नीट बघावे लागेल, असे आम्हाला वाटते.

आनंद शिंदे आणि मिलिंद शिंदे. (गुगलवर आनंद-मिलिंद टाकले तर चित्रगुप्त यांची संगीतकार मुले पुढे येतात, 'कयामत से कयामत तक'वाली. ती जोडी वेगळी.) आमची जोडी प्रल्हाद शिंदे यांची. नावे तरी बघा! आनंद हा तथागतांचा शिष्य, मिलिंद हा नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा. मंगळवेढ्याच्या मातीतून आलेल्या आणि भीमगीत, कव्वाली, भक्तिगीत सगळे गाजवणाऱ्या बापाचा खडा आवाज दोघांनीही उचलला.

त्यांचा काळ कॅसेटचा. त्याआधी गाणे रेकॉर्ड करणे म्हणजे एचएमव्हीच्या दारात उभे राहणे. कोणाचा आवाज तबकडीवर जाईल हे एकच मोठी कंपनी ठरवायची. ८०च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि ही मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक याच उलथापालथीवर लिहिले. छोट्या कंपन्या निघाल्या, त्यांना सिनेमाबाहेरचा, रस्त्यावरचा आवाज हवा होता. त्या लाटेत आनंद शिंदेंचे पोपटाचे गाणे आले आणि लग्नाची वरात, टेम्पो, चहाची टपरी, गणपतीचा मांडव सगळीकडे वाजले. आज शहरातली मुले ज्याला 'इंडी' म्हणतात, म्हणजे सिनेमाच्या आधाराशिवाय, स्वतःच्या जोरावर लोकांना नाचवणारे संगीत, ते या दोन भावांनी तेव्हाच करून दाखवले होते. फक्त त्यांच्यासाठी तसा शब्द कोणी वापरला नाही. त्यांना 'लोकगीतवाले' म्हटले, आणि तेही नाक मुरडून.

पोपटाच्या पठडीतली कित्येक गाणी दुअर्थी आहेत, हे आम्ही नाकारत नाही. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी गण-गवळण बाजूला सारून तिथे विचार आणला. त्या परंपरेच्या वारसांनी बाईची टिंगल करणाऱ्या गाण्यावर टाळी द्यावी, हे आम्हाला पटत नाही. पण हाच गळा दुसऱ्या कॅसेटवर भीमगीत गात होता. बाजाराने पोपट उचलून धरला आणि भीमगीत मात्र 'त्यांच्या वस्तीचे' म्हणून बाजूला ठेवले. ही निवड गायकाची कमी आणि बाजाराची जास्त, असे आमचे मत.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या गायकाने विठ्ठल का गावा? प्रश्न बरोबर आहे. पण तो फक्त गायकाला विचारून भागत नाही. आमचा जिल्हा नर्सी नामदेवचा. इथे पहाटे देवळाच्या भोंग्यावर प्रल्हाद शिंदेंचा आवाज लागतो आणि सगळा गाव हात जोडतो. भीमजयंतीची मिरवणूक त्याच देवळावरून न्यायची म्हटले की 'वातावरण बिघडेल' म्हणून मार्ग बदलायला सांगणारी गावे आम्ही पाहिली आहेत. आमचा आवाज देवळात चालतो, मग आमचे पाय देवळासमोरच्या सरकारी रस्त्यावर का चालत नाहीत?

म्हणून नाचण्याला थिल्लर म्हणणाऱ्या शिकलेल्या मित्रांशी आमचे जुळत नाही. २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका तरुणाला मोबाइलवर भीमगीताची रिंगटोन वाजली म्हणून मारून टाकले. २०२३ च्या जूनमध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, बोंढार हवेलीत, एका तरुणाचा खून झाला. त्याने गावात भीमजयंती काढली, हाच राग होता असे त्याच्या घरचे सांगतात. ज्या गाण्यासाठी जीव जातो, ते गाणे भर रस्त्यात मोठ्याने लावून नाचणे ही नुसती करमणूक कशी? महाडला १९२७ मध्ये सार्वजनिक पाण्यावरचा हक्क सांगितला, इथे सार्वजनिक रस्त्यावरचा सांगतोय.

मात्र डीजेवाल्या पोरांशीही आमचे भांडण आहे आणि ते आवाजाच्या नियमाचे नाही. रात्री दहाचा नियम सगळ्यांनाच आहे. तो फक्त आपल्याच मिरवणुकीला कडक लागतो, हे वेगळे. भांडण शब्दांचे आहे. भीमगीत शब्दांवर उभे असते. रीमिक्सवाला एक ओळ उचलतो, तीच पंधरा वेळा फिरवतो, खाली बेस भरतो. छाती धडधडते, पण बाबासाहेबांनी काय केले ते त्या गाण्यात उरत नाही. आणि वर्गणीचा पैसा? आयाबायांनी रोजंदारीतून दिलेला पैसा साउंडच्या भाड्यात जातो, तालुक्यातली गायन पार्टी मात्र हार्मोनियम गुंडाळून घरी बसते.

शिंदे घराण्याचे पुढे बरे झाले. 'जत्रा'मधले कोंबडीचे गाणे आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायले. तीच चाल पुढे 'अग्निपथ'मध्ये हिंदीत गेली, तेव्हा आवाज श्रेया घोषाल यांचा होता. आदर्श शिंदे आज सिनेमात आघाडीवर आहेत, उत्कर्ष डॉक्टर असून गातात. २०२० मध्ये राज्यपालनियुक्त आमदारांच्या यादीत आनंद शिंदे यांचे नाव गेले, ती यादी राजभवनातच पडून राहिली. कलावंताच्या कोट्यातून एक भीमगीत गाणारा सभागृहात गेला असता तर काय बिघडले असते?

पण ज्यांनी शब्द दिले त्यांचे काय? वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. त्यांची गाणी आजही वाजतात, यूट्यूबवर नाव मात्र डीजेचे असते. वामनदादांसारखे नाव तरी लोकांना ठाऊक आहे, गावोगावच्या कवींचे तेही नाही. म्हणून आम्ही सध्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्या बायांकडून आणि जुन्या पार्टीवाल्यांकडून गाणी फोनवर रेकॉर्ड करतोय, वहीत पूर्ण उतरवून घेतोय. कवी कोण हे बहुतेकदा विचारावे लागत नाही. शेवटच्या कडव्यात त्याने स्वतःचे नाव गुंफलेले असते. रीमिक्समध्ये नेमके तेच कडवे कापलेले असते.