झोप म्हणजे गुण नव्हे

जळमटे काढताना सटासट शिंका सुरू झाल्या किंवा अंगावर गांधी उठल्या, की बहुतेक घरांत औषधांच्या डब्यातून ठरलेली छोटी गोळी निघते. तासाभरात डोळे जड होतात आणि घरातील मोठी माणसे समाधानाने म्हणतात, ‘झोप लागली ना, आता गुण येणार!’

अशाच एका घरातील सूनबाई पावसाळाभर रात्री ही गोळी घेत. सकाळी डोके जड, डबे करायला उशीर आणि ऑफिसला जाताना स्कूटरवर पेंग. सासूबाई म्हणत, ‘हल्लीच्या मुलींना आळस फार.’ डॉक्टरांनी चौकशी केली, तेव्हा कळले की आळस तिचा नव्हता, गोळीचा होता.

अ‍ॅलर्जीत शरीरात हिस्टामाइन सुटते. नाकात ते शिंका आणते, त्वचेवर खाज. मेंदूत मात्र तेच आपल्याला जागे ठेवते. क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन ही जुनी औषधे मेंदूत शिरतात, म्हणून झोप येते. रात्रीच्या गोळीची सुस्ती सकाळीही उरते. लोरॅटाडिन, फेक्सोफेनाडिन ही नवी औषधे मेंदूत फारशी शिरत नाहीत. शिंका आणि खाज मात्र तीही तितकीच थांबवतात. सेट्रिझीन या दोन्हींच्या मधले. काहींना त्यानेही पेंग येते.

नवे म्हणजे निर्धोक, असेही नाही. टर्फेनाडिन ही झोप न आणणारी गाजलेली गोळी काही औषधांबरोबर घेतल्यास हृदयाचे ठोके बिघडवते, असे आढळले. १९९८ मध्ये ती अमेरिकेच्या बाजारातून गेली. तिच्यापासूनच शरीरात तयार होणारे फेक्सोफेनाडिन तिच्या जागी आले.

जुन्या गोळीने वृद्धांचा तोल जाऊ शकतो, लघवी अडू शकते. लहान मुलांबाबतही सावध राहावे. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिनचे मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला. मूल झोपावे म्हणून सर्दीचे औषध पाजणे तर चुकीचेच.

डॉक्टरांकडे गेल्यावर मुलाची परीक्षा आहे, गाडी चालवायची आहे, आजोबांना प्रोस्टेटचा त्रास आहे, हे आवर्जून सांगा. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास लागला, तर गोळीच्या भरवशावर थांबू नका. तडक रुग्णालय गाठा. आणि घरात कुणी दिवसभर पेंगत असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी त्याच्या गोळीचे नाव वाचा.