साचा नसलेले आकार

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला एक सवय जडलेली असते. दोन आकृती सारख्या दिसल्या की कोणी कोणाकडून घेतले, हे तो प्रथम शोधू लागतो. परप्रांतातील विद्यापीठात अभ्यागत म्हणून शिकवताना मला ही सवय अधिक जाणवते. कारण आपली भाषा देणारी ठरावी, घेणारी नव्हे, असे येथे प्रत्येकालाच मनातून वाटत असते. या सवयीविषयी मला साशंक केले ते एका धातुलेपाच्या अभ्यासाने.

चांदी व अँटिमनी यांचे क्षार असलेल्या द्रावणात सपाट पत्रा ठेवून वीजप्रवाह सोडला, की त्यावर मिश्रधातूचा पातळ थर चढतो. तो सर्वत्र सारखा चढावा ही अपेक्षा. परंतु विशिष्ट परिस्थितीत त्यावर फिकट-गडद पट्टे उमटतात; सूक्ष्मदर्शकाखाली वर्तुळे आणि सर्पिल वलये दिसतात. राउब आणि शाल यांनी १९३८ साली या लेपाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे क्रास्तेव आणि कोपर यांनी १९९५ मध्ये या आकृतींची मीमांसा केली. पट्ट्यांचा भेद हा अँटिमनीच्या कमीअधिक प्रमाणाचा. पत्र्यावर कोणी रेखाटन केलेले नसते. चढणारा थर लगतचे द्रावण पालटवतो आणि पालटलेले द्रावण पुढचा थर घडवते. या देवघेवीतच आकार जन्मतो. सारे समान करून टाकणारे प्रसरणही अभिक्रियेच्या संगतीने विषमता निर्माण करू शकते, हे ट्यूरिंगने १९५२ मध्ये गणिताने दाखवले होतेच.

चौदाव्या शतकातील जनाबाई आणि काश्मीरची लल्लेश्वरी यांचा विचार मी आता असाच करतो. एकीचे दळणकांडण, दुसरीचा पिंजला जाणारा कापूस. दोघींच्या काव्यात नित्याचे कष्टच अध्यात्माची भाषा होतात. एकीचे शब्द दुसरीच्या कानी पडले होते, असे मानण्यास आधार नाही. तसे मानण्याची गरजही नाही. शास्त्राची भाषा, लोकांची बोली आणि बाईचे श्रम एकाच द्रावणात आले की असे वलय उमटू शकते.

मात्र येथेच थांबले पाहिजे. वलये का उमटतात हे नियम सांगतो. अमुक वलय अमुक ठिकाणीच का वळले, हे सांगत नाही. शिवाय धातूला स्मरण नसते, कवीला असते. परिस्थितीने ओवी संभवते, जनाबाई नव्हे. तेवढ्यासाठी तिचा अभंगच वाचावा लागतो.