आकडा नंतर बघा, आधी लेकराकडं बघा

भाद्रपद लागला की माझ्या फोनवर एक प्रश्न हमखास येतो. "बाई, लेकराला एकशे दोन ताप हाय. आत्ता न्यावं का सकाळपर्यंत बघावं?" विचारणाऱ्या बहुतेक माझ्याच जुन्या विद्यार्थिनी, आता लेकुरवाळ्या. मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षिका आहे. पण आशाताई, नर्सबाई आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे पक्कं झालंय, ते आज इथं एकदाच सविस्तर लिहिते. लांबलंय, पण घरात लहान लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

२०२३ चा ऑक्टोबर आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. दोन दिवसांत आकडा ३१ झाला. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. डॉक्टर, औषधं, खाटा यावर बोललं गेलं, ते बोलायलाच हवं होतं. त्या बाळांचे आजार वेगवेगळे होते, सगळा तापाचा मामला नव्हता. पण त्या दिवसांत एक वाक्य सारखं कानावर यायचं, "पेशंट फार उशिरा आणतात." एवढं बोलून यंत्रणेला हात झटकता येणार नाहीत. आणि तरी उशीर होतो, हेही खोटं नाही. मग तो होतो कुठं?

बिलोलीहून नांदेड दीड-दोन तासांवर. त्यामुळं रस्त्याला दोष देणं सोपं. माझा अनुभव असा की रस्त्याला लागायच्या आधीच, घरातच, पाच-सहा तास गेलेले असतात. थर्मामीटरकडं बघत, आणि कोणाच्या तरी 'हो'ची वाट बघत.

तर पहिली गोष्ट वय. लेकरू तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ किंवा वर असेल, तर घरी थांबायचं नाही. रात्रीचे दोन वाजलेले असोत, बाळ हसत असो, न्यायचंच. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाला बगलेत ९९.५ भरला तरी दाखवा, असं सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवतात. इतक्या लहान जिवाला जंतुसंसर्ग झाला तर तो अंगभर पसरायला वेळ लागत नाही. आणि हेही ध्यानात ठेवा, तान्ह्या बाळाला कधी कधी ताप येतच नाही. उलट अंग गार पडतं, बाळ मलूल होतं, आंगावर पिईना होतं. ते तापाइतकंच गंभीर.

दुसरी गोष्ट लेकराची तऱ्हा. तीन वर्षांचं पोरगं १०३ तापातही औषधानंतर उठून बिस्किट मागत असेल, पाणी पीत असेल, तर रात्र काढून सकाळी दाखवायला हरकत नसते. आणि १०१ तापाचं लेकरू डोळे उघडत नसेल, तर एक मिनिट घालवायचं नाही. लगेच न्यायच्या खुणा अशा: काही पिता येत नाही, घेतलेलं सगळं उलटून पडतं, झटका आला, हाक मारली तरी नीट जागं होत नाही, मान ताठ झाली, अंगावर दाबलं तरी न जाणारे लाल-जांभळे ठिपके उठले, सहा-आठ तास लघवी नाही. आणि श्वास. पोट उघडं करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, एक वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, किंवा छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर निघा. यातलं काहीच नसलं तरी ताप तिसऱ्या दिवशी उतरलेला नसेल तर दाखवा.

आता त्या 'हो'ची गोष्ट. गेल्या वर्षी माझ्या भाचीचं आठ महिन्यांचं लेकरू तापलं. नवरा हैदराबादला कामाला. सासूबाई म्हणाल्या, "दात येऊ लालेत, त्याचा ताप." चुलतसासरे म्हणाले, "गाडी कुठं मिळंल आता, उजाडू द्या." कुणी मीठ-मोहरी उतरवली. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. भाची एकच सांगत होती, "हे माझं रोजचं लेकरू नाही." तिनं मला फोन केला, मी श्वास मोजायला सांगितला, अठ्ठावन्न भरले. तिनं कोणाला न विचारता १०८ ला फोन लावला. न्यूमोनिया निघाला. पाच दिवस भरती होतं, आता अंगणभर रांगतं. दात येताना अंग किंचित कोमट लागेल, पण त्यानं १०२ ताप येत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सासूबाईंनाच बसवून समजावलं. आता गल्लीत कुणाचं लेकरू तापलं की त्याच म्हणतात, "आधी श्वास मोज गं."

"हे माझं रोजचं लेकरू नाही" हे आईचं वाक्य मी कुठल्याही थर्मामीटरइतकंच मानते. चांगले डॉक्टरही मानतात. घरच्यांनीही मानावं.

तिसरी गोष्ट औषध. पॅरासिटामॉलचं एकच नाव बघून चमचा भरू नका. एका बाटलीत ५ मिलीला १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०, आणि तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलीतच १००. म्हणजे थेंबांचं औषध चमच्यानं पाजलं तर चौपट डोस जातो. डोस वजनावर ठरतो, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांनी बघितल्याशिवाय देऊच नका. अ‍ॅस्पिरिन लेकरांना नाही. निमेसुलाइड बारा वर्षांच्या आत द्यायला २०११ पासून बंदी आहे, कोणी दिलं तर परत करा. आणि खोकल्याचं औषध मनानं आणू नका. २०२५ मध्ये छिंदवाड्यात साध्या सर्दी-तापाला दिलेल्या विषारी सिरपनं वीसहून जास्त लेकरं गेली, कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्यांची लघवी बंद झाली होती. म्हणून वर लघवीचं लिहिलं.

तापात गोधडीत गुंडाळू नका, बर्फाचं पाणीही नको. पातळ कपडे, कोमट पाण्यानं अंग पुसणं, घोट घोट पाणी, अंगावरचं दूध चालूच. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८. थांबला तरी दाखवायचंच. बिब्ब्याचा डाग तर अजिबात नको, तापलेल्या जिवाला वरून भाजायचं कशाला?

डेंग्यूच्या दिवसांत अजून एक. तिसऱ्या दिवसानंतर ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. धोका तेव्हाच सुरू होतो. पोट दुखतंय, उलट्या होतायत, हातपाय गार पडलेत, नाका-हिरड्यांतून रक्त येतंय, तर ताप नसला तरी पळा.

आता गावच्या कारभाऱ्यांना. सगरोळी असो, कुंडलवाडी असो की एखादा तांडा, प्रत्येक अंगणवाडीत चालू स्थितीतला थर्मामीटर आणि सेकंदकाट्याचं घड्याळ हवं. रात्री कुठल्या दवाखान्यात डॉक्टर हजर आहे, त्याचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हवा. १०८ ला उशीर होत असेल तर गावातली कोणती गाडी निघणार, हे आधीच ठरलेलं हवं, आणि डिझेल ग्रामपंचायतीनं द्यावं. ग्रामसभेत हे तीन ठराव मांडायला पाच मिनिटं लागतात. येत्या ग्रामसभेत मी मांडणार आहे.

आणि घरातल्या मोठ्यांना हात जोडून एकच. लेकराच्या तापात सुनेला कोणाची परवानगी लागू नये. तिच्या हातात फोन द्या, पन्नास-शंभर रुपये द्या आणि "तुला वाटलं तर निघ" एवढं आजच सांगून ठेवा. रात्री दोन वाजता सांगायला तुम्ही जागे असालच असं नाही.