लांब बाह्यांचा शर्ट

आमच्या अंबड-घनसावंगीकडे गड्याचा शर्ट कॉलरीला विरला की टाकून देत नाहीत, तो बाईच्या अंगावर येतो. दादांचे असे कितीतरी शर्ट आईने कापूस वेचताना झिजवले. साडीवरून शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, डोक्याला घट्ट रुमाल. बोंडांच्या टोकांनी हात ओरखडत नाहीत आणि ऑक्टोबरचं ऊनही थेट लागत नाही. मला म्हणायची, "घाल अंगात, काळी पडशील." स्वतःसाठी हे कारण तिने कधी दिलं नाही, तिचं लग्न झालेलं होतं.

जालन्याला कॉलेजात आले आणि त्या शर्टाचा सनकोट झाला. स्कूटीवर स्टोल, हातमोजे, उघडे फक्त डोळे. कारण तेच, रंग.

उन्हातली अतिनील किरणं पेशींच्या डीएनएला इजा करतात आणि ती वर्षानुवर्षं साचत जाते, हे पुढे कळलं. आणि जिची धास्ती घेतली ती सावळी कांतीच आपली ढाल आहे. म्हणून उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्यात बराच कमी. पण कमी म्हणजे मुळीच नाही असं नव्हे. ज्यांच्या कातडीत जन्मतः रंगद्रव्यच नसतं, त्यांना तर मोठाच धोका. विरलेल्या पांढऱ्या सुती कापडातून किरणं झिरपतात, दाट विणीचं गडद कापड ती जास्त अडवतं. दादांचा निळा टेरिकॉट घामाने जीव नकोसा करायचा, पण कामाचा होता.

त्या शर्टाखाली आईच्या कमरेवर परकराच्या नाडीचा काळा वळ आहे. धोतराच्या घट्ट गाठीखाली होणारा त्वचेचा कर्करोग मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. वसंत खानोलकरांनी सहकाऱ्यासोबत 1945 सालीच नोंदवला होता. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्कर बायकांची हकीकत छापली. एकीला नाडीने, दुसरीला कसून नेसलेल्या लुगड्याने कमरेला घासून घासून जखम झाली आणि तिचा पुढे कर्करोग झाला. तिथे ऊन पोचतच नाही.

आता आईच्या परकराला रुंद पट्टी शिवली आहे. महिना उलटूनही न भरणारी जखम, भाजल्याच्या जुन्या व्रणावर उठलेली गाठ, आकार बदलणारा डाग, काहीही दिसलं तर सांगायचं, असं तिला बजावलंय. "म्हातारीची कातडी कोण बघतंय?" ती कुरकुरते. आजवर आम्ही बायकांनी कातडी पाहिली ती बघायला येणाऱ्यांच्या नजरेने. त्या नजरेला रंग दिसतो, जखम दिसत नाही.