खडूच्या टेकडीवर काशीनरेशाची विहीर

थेम्स ओलांडून बस रेडिंगच्या उत्तरेला वळली आणि रस्ता अरुंद होत चढू लागला. दोन्ही बाजूंना बीच वृक्षांची दाट राई, वर घिरट्या घालणाऱ्या तांबूस घारी. इथून नामशेष झालेल्या या घारी १९८९ पासून स्पेनहून आणून पुन्हा सोडल्या गेल्या. वर्गातल्या सगळ्यांच्या माना खिडकीबाहेर होत्या.

हे हिरवेगार रान पाहून या चिल्टर्नच्या टेकड्यांवर कधी पाण्याची ददात होती हे पटत नाही. पण ही जमीन खडूची. पाऊस भेगांतून थेट खोल उतरतो. माथ्यावर ओढा टिकत नाही. पूर्वी इथली माणसे डबक्यांत साठलेल्या पाण्यावर भागवत, आणि उन्हाळा लांबला की पाण्यासाठी दूरवर पायपीट करत.

स्टोक रो गावात उतरलो तेव्हा रस्त्यालगतच घुमट दिसला. त्याखाली ओतीव लोखंडाचे रहाट आणि वर सोनेरी हत्ती. काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी दिलेली ही विहीर. जवळच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत उत्तर हिंदुस्थानात होते. घरातले उरलेसुरले पाणी प्यायला म्हणून आईचा मार खाणाऱ्या आपल्या गावाकडच्या एका मुलाची हकिगत त्यांनी महाराजांना सांगितली होती, असे सांगतात. ती महाराजांच्या मनात राहिली. १८६३ मध्ये काम सुरू झाले आणि २४ मे १८६४ रोजी विहीर गावासाठी खुली झाली.

फलकावरचा आकडा वाचून आम्ही मराठवाड्याचे दोघे थबकलो : खोली ३६८ फूट, रुंदी जेमतेम चार फूट. आमच्याकडे यंत्र याहून खोल बोअर घेते. इथे मात्र माणसे त्या चिंचोळ्या अंधारात उतरून हाताने खडू फोडत गेली. आपल्या बारवेत पायऱ्या उतरून पाण्याला हात लावता येतो. इथे रहाट फिरवत ताटकळावे लागे, तेव्हा कुठे बादली वर येई.

पण मला सर्वांत मोलाची वाटली ती शेजारची बाग. महाराजांच्या नावाने तिला ईश्री बाग म्हणत. तिथे चेरीची झाडे लावली, ती फळे विकून विहिरीची देखभाल व्हावी म्हणून. राखणदारासाठी छोटे घर बांधले. पाणी गावाला फुकट होते आणि सत्तरहून अधिक वर्षे ही विहीर उपयोगी पडली.

आमच्या भागात उद्घाटन झालेल्या आणि पुढे मोटार जळाल्यावर तशाच पडून राहिलेल्या पाणी योजना मी पाहिल्या आहेत. त्यांत कमी पडतो तो पैसा नव्हे, दहा वर्षांनंतरचा विचार. विहीर खोदणाऱ्याने तिच्या शेजारी तिला पोसणारी बागही लावली पाहिजे. स्टोक रोच्या माणसांना पाणी पिढ्यान्‌पिढ्या पुरले, ते या दूरदृष्टीमुळे.